वसुलीला गेलेलं क्रेडिट कार्ड कसं मिटवायचं

अनोळखी नंबरवरून दिवसाला आठ-दहा फोन. समोरचा माणूस तुमचं पूर्ण नाव घेतो, आधी "सर" म्हणतो, मग आवाज चढवतो आणि शेवटी सांगतो, "आज संध्याकाळपर्यंत निम्मे भरा, फाइल बंद करून टाकतो." तीन-चार वर्षांपूर्वी थकलेलं कार्ड असं पुन्हा दारात येऊन उभं राहतं.

मी यातून गेलो आहे. नोकरी गेली तेव्हा माझी दोन कार्डं थकली. पहिल्या कार्डाचे ४५,००० रुपये मी फोनवरच्या शब्दावर विश्वास ठेवून भरले. बँकेने ते "थोडी रक्कम जमा" म्हणून धरले, व्याज चालूच राहिलं, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्याच एजन्सीचा माणूस उरलेल्या पैशांसाठी फोन करू लागला. "आधीच्या एजन्सीने काय सांगितलं ते आम्हाला माहीत नाही," एवढंच उत्तर. ते निस्तरायला वर्ष गेलं. दुसऱ्या कार्डाच्या वेळी मी पत्र हातात आल्यावरच पैसे भरले आणि ते प्रकरण दीड महिन्यात संपलं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया एकच आहे: बँकेचं लेखी पत्र मिळेपर्यंत एक रुपयाही भरायचा नाही.

आधी भीती बाजूला ठेवा

कार्डाचं बिल थकणं हा गुन्हा नाही. हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे. बँक तुमच्यावर पैशांसाठी दावा लावू शकते, पण निव्वळ पैसे थकले म्हणून पोलीस अटक करत नाहीत. "दोन तासांत वॉरंट निघेल" म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे.

अपवाद आहेत, ते नीट लक्षात ठेवा. तुम्ही दिलेला चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी दिलेली असेल आणि शिल्लक नसल्याने तो परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली तसंच होऊ शकतं. म्हणजे साधी थकबाकी दिवाणी असते, पण "विश्वासासाठी दोन पुढच्या तारखांचे चेक द्या" याला हो म्हणालात की तुम्ही स्वतःच ती फौजदारीच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवता. खात्यात पैसे नक्की असतील तेव्हाच चेक द्या, नाहीतर देऊ नका.

पहिली पायरी: कर्ज आता कोणाकडे आहे?

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कमसुद्धा, ठरलेल्या तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली गेली नाही, तर ते कार्ड खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या मार्गावरचं कर्ज, धरलं जातं. त्यानंतर बँकेच्या आत ते वसुली विभागाकडे जातं आणि बाहेरच्या एजन्सीला दिलं जातं. काही काळाने बँक ते आपल्या हिशेबात राइट-ऑफ करते. इथे अनेकांचा गैरसमज होतो. राइट-ऑफ म्हणजे माफी नाही. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढली एवढाच त्याचा अर्थ. तुमच्याकडून पैसे घेण्याचा तिचा हक्क तसाच राहतो.

तिसरी शक्यता म्हणजे बँकेने अशी शेकडो खाती एकगठ्ठा एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला, विकलेली असतात. मग पैसे घेण्याचा हक्क त्या कंपनीचा होतो आणि बँकेशी तडजोड करून उपयोग नसतो. एजन्सी आणि एआरसी यांतला फरक समजून घ्या. एजन्सी ही बँकेने नेमलेली असते, तिला स्वतःच्या नावाने सूट द्यायचा अधिकार नसतो. एआरसी ही कर्जाची नवी मालक असते आणि तिची रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असावी लागते. फोन करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "तुम्ही बँकेच्या वतीने बोलताय की कर्ज तुम्ही विकत घेतलंय?" विकत घेतलं असेल तर कर्ज हस्तांतरित झाल्याचं पत्र मागा, आणि ते खरं आहे का हे मूळ बँकेला ईमेल करून विचारा.

दुसरी पायरी: स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा

तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी असलेले हे रिपोर्ट देशात चार कंपन्या ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या. मोबाइल नंबर दिला की स्कोर दाखवणारी कित्येक ॲप्स खरं तर तुम्हाला नवीन कर्ज विकायला बसलेली असतात.

स्कोरचा आकडा तूर्त सोडून द्या. थकलेल्या कार्डाच्या खात्यावर या-त्या रकान्यात न हरवता फक्त चार गोष्टी शोधा: खातं कोणाच्या नावावर दाखवलंय, चालू बाकी किती, राइट-ऑफ रक्कम किती, आणि शेवटचं पेमेंट कोणत्या तारखेला झालं. ही शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे ती फार कामाची आहे.

कधीकधी इथेच कळतं की ज्या कार्डासाठी फोन येताहेत ते आपलं नाहीच. नावसाधर्म्य असतं, किंवा आपला सध्याचा मोबाइल नंबर आधी दुसऱ्या कोणाचा तरी होता. अशा वेळी वाटाघाटी करू नका, "हे कर्ज माझं नाही" असं बँकेला लेखी कळवा.

तिसरी पायरी: हिशेब मागवा आणि मूळ रक्कम वेगळी काढा

या पायरीवर थोडा जास्त वेळ द्या, कारण वाटाघाटीत तुमच्या हातात असलेलं सगळं बळ इथून येतं.

कार्डाचं व्याज साधारण महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतं, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा ८०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के आहे. पहिल्याच महिन्याचं व्याज २,८०० रुपये, त्यावर जीएसटी ५०४ रुपये, मिळून ३,३०४ रुपये, आणि लेट फी वेगळी. तीन वर्षांनी एजन्सीचा माणूस २,१०,००० चा आकडा सांगतो तो असा फुगलेला असतो.

आता तो म्हणतो, "पन्नास टक्के माफ करतो." ऐकायला केवढी मोठी सवलत! पण निम्मे म्हणजे १,०५,०००, आणि तुमची मूळ खरेदी ८०,००० ची होती. म्हणजे निम्मे माफ होऊनही तुम्ही मुदलापेक्षा २५,००० जास्त देणार. म्हणून बोलणी नेहमी मूळ रकमेवरून सुरू करायची, फुगलेल्या आकड्यावरून नाही.

बँकेला ईमेल करून थकबाकी सुरू झाल्यापासूनची सगळी स्टेटमेंट्स मागा. मग एका कोऱ्या कागदावर खरेदी, व्याज, लेट फी, मर्यादेबाहेरच्या खर्चाची फी आणि कर हे वेगवेगळे लिहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांप्रमाणे न भरलेल्या फी, शुल्क आणि करांची रक्कम मुदलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. मर्यादेबाहेरच्या खर्चाची सोय तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय सुरू करता येत नाही. स्टेटमेंटमध्ये असं काही सापडलं तर ते ईमेलमध्ये तारखेसकट दाखवा. अशा मुद्द्यांवर फी काढून टाकायला बँका लवकर तयार होतात.

"एवढं व्याज बेकायदा आहे, कोर्टात टिकणार नाही" हा युक्तिवाद मात्र आता सोडून द्या. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला.

चौथी पायरी: मुदतीचा कायदा समजून घ्या

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा पैशांच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. वहीत लिहून ठेवलेली शेवटच्या पेमेंटची तारीख इथे कामाला येते. ती उलटली तर बँकेला न्यायालयातून वसुली करणं अवघड होतं. कर्ज मात्र पुसलं जात नाही. फोन येऊ शकतात, रिपोर्टवर नोंद राहू शकते, तडजोडही करता येते.

खरी मेख पुढे आहे. मुदत संपण्याआधी तुम्ही लेखी कबुली दिलीत, किंवा थोडेसे पैसे भरून त्याची लेखी खूण मागे ठेवलीत, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होऊ शकतात. मुदत संपल्यावरही "मी हे पैसे देईन" असं सही करून लिहून दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते वचन बांधून घेतं. "निदान पाचशे रुपये भरा, तुमची तयारी दिसेल" असं कोणी म्हणालं की सावध व्हा. त्या पाचशे रुपयांनी तुमची थकबाकी तसूभर कमी होत नाही.

हे मी कर्ज बुडवायला शिकवत नाही. ज्याला शक्य आहे त्याने पैसे द्यावेत, असंच माझं मत आहे. पण आपण कुठे उभे आहोत हे कळल्याशिवाय सही करू नये. ईमेल लिहिताना सुरुवातीला "हक्क अबाधित ठेवून, केवळ तडजोडीच्या हेतूने" हे शब्द टाका. रक्कम मोठी असेल किंवा तीन वर्षं उलटून गेल्यासारखी वाटत असतील तर वकिलाला कागद दाखवा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला मिळतो. त्यासाठीचा हेल्पलाइन नंबर १५१०० आहे.

पाचवी पायरी: फोन करणाऱ्यांना नियमात आणा

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक, मित्र किंवा फॉर्मवर लिहिलेल्या ओळखीच्या माणसांना त्रास देणं, सोशल मीडियावर वाटेल ते पाठवणं, यांतलं काहीही चालत नाही. एजंट जे करतो त्याची जबाबदारी बँकेची असते. घरी येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायला हवं. ते दाखवल्याशिवाय दार उघडायची सक्ती नाही.

फोनवर काय बोलायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा. माझं साधारण असं असायचं:

"तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा, मी लिहून घेतोय."

"साहेब, पैसे कधी भरताय ते बोला."

"मला तडजोड करायची आहे. जी काही ऑफर असेल ती बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पाठवा. फोनवर मी कुठलीही रक्कम मान्य करणार नाही."

"ईमेल-बिमेल नंतर. आजचीच ऑफर आहे, उद्या रद्द होईल."

"मग उद्या जी असेल ती पाठवा."

एवढं बोलून फोन ठेवायचा. भांडायचं नाही, आपली दुःखं सांगायची नाहीत, खोटं वचनही द्यायचं नाही. "उद्या रद्द" झालेली माझी ऑफर पुढच्या महिन्यात आणखी ६,००० रुपयांनी कमी होऊन परत आली.

छळ थांबत नसेल तर तारीख, वेळ, नंबर आणि रेकॉर्डिंग जोडून बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि प्रमुख नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवरून तिच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी त्यांचा नंबर १४४४८. जिवाची किंवा बदनामीची धमकी असेल तर थेट पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये ते बसतं.

सहावी पायरी: रक्कम ठरवा

आधी आपल्याशी ठरवा, एकरकमी किती देता येतील. घरखर्च, औषधपाणी, मुलांची फी आणि घराचा हप्ता यांना हात न लावता जे उरेल तेवढंच. गृहकर्ज थकवून कार्ड मिटवू नका, कारण कार्ड विनातारण आहे आणि घर तारण आहे. एका ॲपवरून कर्ज काढून दुसरं कार्ड मिटवणं म्हणजे एक खड्डा बुजवायला शेजारी दुसरा खणणं.

बँकेला एकरकमी पैसे आवडतात. हप्ते मागितलेत तर सूट कमी होते. तीन महिन्यांच्या पलीकडे जाणारी तडजोड रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीत पुनर्रचना धरली जाते, म्हणून बहुतेक बँका तीन महिन्यांच्या आतच सगळं आटपायला बघतात. महिनाअखेर, तिमाहीची अखेर आणि विशेषतः मार्च या काळात वसुलीवाल्यांवर आकडे पूर्ण करायचा ताण असतो, तेव्हा बोलणी जरा सैल होतात.

पहिली मागणी मुदलापेक्षा खाली ठेवा आणि कारण कागदानिशी द्या: नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, खात्याचा उतारा. पूर्ण मुदल देता येत असेल तर तडजोडीऐवजी आधी वेगळं विचारून बघा: "व्याज आणि फी माफ करून खातं 'सेटल्ड' (सूट घेऊन मिटवलेलं) नाही तर 'क्लोज्ड' (पूर्ण फेडून बंद) म्हणून नोंदवाल का?" नाही म्हणण्याची शक्यता जास्त, पण विचारायला काही लागत नाही.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, ती बहुतेकदा दाव्याआधीच्या तडजोडीसाठी असते. जरूर जा. तिथे बँकेचा निर्णय घेऊ शकणारा माणूस समोर बसतो. मात्र तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून जमणार नाही अशा रकमेला मान डोलवू नका. न्यायालयाचं समन्स किंवा लवादाची नोटीस आली तर मात्र ती बाजूला टाकू नका, लगेच वकील गाठा. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निकाल लागतो.

सातवी पायरी: पत्र ओळ न ओळ वाचा

माझं दुसऱ्या कार्डाचं पत्र एका पानाचं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि दोनदा दुरुस्त करून मागितलं. पहिल्या मसुद्यात "पूर्ण आणि अंतिम तडजोड" हे शब्दच नव्हते, नुसतं "खालील रक्कम भरावी" असं होतं. दुसऱ्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे चुकले होते.

पत्र बँकेच्या लेटरहेडवर आणि बँकेच्याच ईमेल पत्त्यावरून यायला हवं, एजन्सीच्या व्हॉट्सॲपवरून नाही. त्यात तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे आकडे, त्या दिवशीची एकूण थकबाकी, तडजोडीची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, प्रत्येक हप्त्याची तारीख, पैसे भरल्यावर काहीही बाकी राहणार नाही हे वाक्य, नो ड्यूज पत्र (काहीही देणं उरलं नसल्याचा दाखला) किती दिवसांत मिळेल, रिपोर्ट ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांना काय कळवलं जाईल, आणि दावा चालू असेल तर तो मागे घेतला जाईल, एवढं सगळं हवं. पत्र आलं की बँकेच्या वेबसाइटवरून घेतलेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन करून ते त्यांच्या नोंदीत आहे का हे पडताळा. एजंटने दिलेल्या नंबरवर फोन करून पडताळणी होत नसते.

शेवटच्या तारखेकडे बारकाईने बघा. त्या दिवसापर्यंत पैसे बँकेच्या खात्यात जमा झालेले हवेत. तारीख ३० असेल आणि तुमचा चेक २ तारखेला वटला, तर तडजोड रद्द झाली असं बँक म्हणू शकते. दोन-तीन दिवस हाताशी ठेवून भरा.

आठवी पायरी: पैसे भरा, पण योग्य जागी

पत्रात लिहिलेल्या कार्ड खात्यातच, नेट बँकिंगने किंवा शाखेत जाऊन भरा. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही, रोख तर मुळीच नाही. "आम्ही मिटवून देतो, आधी आमची फी भरा" म्हणणाऱ्या मध्यस्थांनाही दूर ठेवा. ते जे करतात ते तुम्ही स्वतः ईमेलवरून करू शकता. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर ते आधी दुसरीकडे हलवा, कारण कार्डाच्या करारात बहुधा बँकेला तुमच्या खात्यातली शिल्लक थकबाकीकडे वळवण्याची मुभा दिलेली असते.

पैसे भरल्यानंतर

पावती त्याच दिवशी ईमेलने पाठवून नो ड्यूज पत्र मागा, आणि ते येईपर्यंत दर आठवड्याला आठवण करा. साधारण दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढा. बाकी शून्य आणि स्थिती "सेटल्ड" दिसली पाहिजे. अजून थकबाकी दिसत असेल तर क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर वाद नोंदवा आणि पत्र जोडा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

"सेटल्ड" हा शेरा चांगला मानला जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. क्रेडिट कंपन्या अशी माहिती किमान ७ वर्षं जपतात, आणि तडजोड केलेल्या बँकेकडून निदान १२ महिने नवीन कर्ज मिळत नाही. पुढे हात मोकळा झाला तर त्याच बँकेला विचारून सूट मिळालेली रक्कम भरता येते आणि शेरा "क्लोज्ड" करून घेता येतो. घर घ्यायचा विचार असेल तर हा खर्च करावा असं मला वाटतं.

घरातल्या कोणाचं निधन झालं असेल आणि त्यांच्या कार्डासाठी फोन येत असतील, तर वारसांची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मृत्यूचा दाखला बँकेला पाठवा आणि स्वतःच्या नावाने काहीही कबूल करू नका.

तडजोडीचं पत्र, पावत्या, नो ड्यूज आणि सगळे ईमेल एका फाइलमध्ये ठेवा, आणि त्यांची एक प्रत मोबाइलमध्येही. जुनी यादी कुठल्यातरी नव्या एजन्सीच्या हाती लागते आणि दोन वर्षांनी पुन्हा एखादा फोन येतो. मला आला होता. मी नो ड्यूजचं पान ईमेलने पाठवलं, बँकेला त्याची प्रत टाकली, आणि त्यानंतर त्या नंबरवरून फोन आला नाही.